एका वेळी एकच गोष्ट

साल चौसष्ट. नॉटिंगहॅमच्या रायफल क्लबातून डॉक्टर मोहन नेने घरी आला तो चिडूनच. आपल्या रायफलीची काडतुसं तो स्वतः गराजमध्ये बसून, बंदुकीची पावडर तोलून भरायचा. बायको, सुनीती, चहा घेऊन आली तेव्हा नेमबाजीचा कागद उजेडाला धरून तो बसला होता.

“बघ, छिद्रं कशी विखुरलीत! गेल्या महिन्यात सगळी एका पेनीखाली झाकली जात होती. चूक माझीच. घाईघाईत पावडरही बदलली आणि गोळीही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. नाहीतर कशानं बिघडलं ते कळतच नाही.”

तिनं कप त्याच्यापुढे ठेवला आणि ती जायला वळली.

“आणि तुझं काय बिघडलंय?” तो वैतागला. “तुला बघायला आलो तेव्हा किती बोलत होतीस! इथे आल्यापासून गप्पच.”

“तुमची रजा संपत आली होती,” ती म्हणाली. “एका आठवड्यात माझं नाव बदललंत, घर बदललंत, देश बदललात. कशानं बिघडलं, ते मला तरी कसं कळणार?”

मोहननं कागद खाली ठेवला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं ‘सुनीती’ हे नाव त्यानंच लिहिलं होतं. निदान तेवढं तरी परत द्यावं, तिला माहेरच्या नावानं हाक मारावी, म्हणून त्यानं तोंड उघडलं.

प्रत्येक काडतुसातल्या पावडरीचं वजन त्याला पाठ होतं. ते नाव काही आठवेना.