उरलेला नान

वॉर्साच्या विमानतळावरची पासपोर्टची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. हात अवघडले तरी सनोबरखालाने छातीशी धरलेलं फडकं सोडलं नाही. काचेमागच्या अधिकाऱ्याने विचारलं, "फडक्यात काय?" मागची ताश्कंदची पोरगी दुभाषी झाली. खालाने गाठ सोडली. आत दगडासारखा वाळलेला, एक चावा घेतलेला नान. "माझ्या लेकाचा. आमच्यात घर सोडताना एक घास खातात, उरलेला परतल्यावर." "मग इथे का आणलात?" "तो येईना, म्हणून नानच निघाला." अधिकाऱ्याच्या भुवया आक्रसल्या. "तुम्ही तरी परत जाणार ना, आजी?" खालाला झोंबलं. "माझाही चावलेला नान घरी खुंटीला आहे. राखणीला म्हाताऱ्याला बसवलंय. उशीर केला तर तोच मटकावेल." पोरीने हसू दाबत सांगितलं. शिक्का आपटला. खालाने फडक्याची गाठ पुन्हा मारली. "लेकाला चहात बुडवून द्या," अधिकारी म्हणाला, "नाहीतर दात पडतील."