एकवीस गोळ्या

"एकवीस झाल्या," शालू म्हणाली. "मॅडम म्हणल्या, रोज एक, एकवीस दिवस. मंग तुमचा रोग मला लागत न्हाई. पुढं गोळी चालू ठेवायची फक्त."

कल्याण बुटाची नाडी बांधत राहिला. कापसाच्या जिनिंगवर कामाला जायची वेळ झाली होती.

"आन् लागला तर?"

"लागला तर लागला."

"येडी हाय का तू?"

तीन वर्षांपूर्वी, लग्नाच्या तिसऱ्या दिवशी त्यानंच सांगितलं होतं. एचआयव्ही. घरात कुणाला माहीत न्हाई. तुला हात लावून मी तुला मारणार न्हाई. शालू रडली होती, त्याच्यासाठी. असा नवरा कुणाला मिळतो? तेव्हापासून तो ओसरीत झोपायचा आणि लेबल खरवडलेल्या डबीतली गोळी खायचा. लेबल खरवडावंच लागतं. रोगापेक्षा गाव वाईट.

सासू गोजरबाई चारचौघींत म्हणायची, "खडकावर पेरलं आम्ही." बारशाला शालूला कुणी पाळण्याच्या दोरीला हात लावू देत नव्हतं. ती गप बसायची. नवऱ्याचं नाव जाण्यापेक्षा आपण वांझ बरं. धुण्याआधी त्याचा घामट शर्ट नाकाला लावायची. तेवढाच नवरा.

मग जालन्यात एका संस्थेच्या अफ्रीन मॅडमनं ह्या गोळीचं सांगितलं. रोग नसलेल्यानं खायची, रोग होऊ नये म्हणून.

"मॅडमला तुमचं रक्त पाहिजे," शालू म्हणाली. "तुमच्या गोळ्या बराबर लागू पडल्यात का बघायला. मंग लेकरूबी होतंय म्हणल्या."

"मी न्हाई येत."

"मंग मी आत्याबाईला सांगते, खडक कोण हाय ते."

दुसऱ्या दिवशी तो आला. जाफराबादहून जीपमध्ये माणूस माणसावर बसलेला. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याची मांडी तिच्या मांडीला लागली. जालना येईपर्यंत तिनं पाय हलवला नाही.

अफ्रीन मॅडमनं त्याच्या गोळ्यांचं कार्ड मागितलं. त्यानं ते आणलं नव्हतं. मॅडमनं रक्त घेतलं. तासाभरानं दोघांना आत बोलावलं.

शालूनं पदराआड त्याचा हात धरला. गार पडला होता. "घाबरू नका," ती कुजबुजली, "मी हाये ना."

मॅडम हसत होत्या. "तीनदा तपासलं, ताई. पेढे वाटा. ह्यांना काहीच न्हाई. कधी नव्हतंच."

शालूनं कल्याणकडं पाहिलं.

त्याला जराही नवल वाटलं नव्हतं.