डबे दमत नाहीत

त्या वॉर्डात मालन खरात ही एकटीच माणूस नर्स उरली होती. बाकी सगळे यंत्रमानव. लोक त्यांना डबे म्हणत. सलग बारा तास उभी असलेली मालन सबनीस आजोबांच्या खाटेपाशी आली आणि कुणाकडेही न बघता सलाईन बदलू लागली.

आजोबांची सून वैतागली. “हीपण डबाच वाटतं. चेहरा बघा कसा मख्ख!”

मालन सलाईनची नळी जोडत राहिली.

आजोबांनी तिचा हात धरला. “अगं सूनबाई, डबे दिवसभर गोड हसतात. ही दमलीय.” मग पाय आखडून त्यांनी खाटेवर जागा केली. “बस पोरी घटकाभर.”

मालन बसली आणि तिला रडूच आवरेना. सून उठली, तिच्यासाठी पाणी आणायला.