हळदीचा हात

सिस्टरने चंदाबाईच्या पायावरचं फडकं सोडलं. आत हळदीचा वाळलेला थर, कडेने पू. सोयाबीन सोंगताना विळा लागला होता, तिथून एक लाल रेघ पोटरीवर चढली होती.

"जंतू रक्तात गेलेत," डॉक्टरबाई देवरावांना म्हणाल्या. "बीपी फार खाली आहे. इंजेक्शन आत्ताच सुरू करावं लागेल."

चंदाबाईने हळदीने माखलेला हात चादरीखाली ओढून घेतला. "सुई नोको. हळदीनं उतरते."

"अवं, आयक ना," देवराव म्हणाले. मारेगावपासून बायकोचं डोकं मांडीवर घेऊन आले होते. आवाज पार सुकला होता. "कायले हट्ट करून राह्यली?"

"हट्ट कायचा? माह्या पोरीचा अभ्यासच हाय हळदीवर. रक्तात जंतू सोडलेले उंदीर वाचवले तिनं. पुसा तिले."

सगळ्यांनी निकिताकडे पाहिलं. ती यवतमाळच्या औषधांच्या कॉलेजातून तशीच धावत आली होती, अंगावरचा पांढरा ॲप्रनही न काढता. फोनवर केवढ्या आनंदाने सांगितलं होतं तिने आईला! हळदीतला अर्क दिला, आतली सूज उतरली, उंदीर जगले.

सिस्टरने पुन्हा हात धरला. चंदाबाईने झटका दिला. तिचे ओठ निळसर पडले होते, श्वास तुटक येत होता.

"धरून द्यावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थांबायला वेळ नाही."

निकिता वाकली. आईच्या कपाळाला चिकटलेले केस तिने बोटाने मागे सारले.

"माय, त्या उंदरायले सुई बी देत होतो."

"कायची?"

"हेच, जंतू मारायची. हळदीनं सूज उतरते, जंतू नाई मरत. सुई तर आम्ही सगळ्यायलेच देतो, म्हणून सांगाचं राह्यलं."

चंदाबाई भाजीत मीठ घालायचं राहिलं असावं तशी म्हणाली, "मंग पहिले सांगाचं ना, बाई."

चादरीखालून हात बाहेर आला. तापाने नुसता फणफणत होता. निकिताने तो दोन्ही हातांत घट्ट धरला. सिस्टरने शीर शोधली, सुई आत गेली. चंदाबाई हलली नाही.

हात सोडला तेव्हा निकिताचे तळवे पिवळे झाले होते.