नाही, मला काळजी नाही

“तुम्हाला काय वाटतं आंटी, कुठं दाबायला हवं?”

श्रुतिकानं हा प्रश्न चौथ्यांदा विचारला, तेव्हा समोर बसलेल्या आयडा आंटींनी फोन टेबलावर आपटला.

“मी तुला विचारायला आले आणि तू मलाच विचारतेस? मग तुला इथं बसवलंय कशाला गो बाय?”

प्रश्न रास्त होता. पवईतली ती कंपनी औषधं घरपोच पाठवण्याचं ॲप चालवायची. श्रुतिका तिथं यूजर रिसर्चर होती. म्हणजे ॲप वापरताना लोक कुठं अडतात ते समोर बसून बघायचं आणि लिहून घ्यायचं. अडलेल्याला सोडवायचं नाही. मदत केली की टेस्ट फुकट गेली, असा नियम. पलीकडच्या खोलीत तिचा साहेब हर्षद कॅमेऱ्यातून सगळं पाहत होता. श्रुतिकाचे सहा महिने भरत आले होते, आणि तिला कायम करायचं की नारळ द्यायचा हे तो उद्या ठरवणार होता.

आंटींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. “ॲपबद्दल बोलायचंय, याल का?” असा कंपनीतून फोन आल्यावर त्यांना वाटलं, अखेर कुणीतरी तक्रार ऐकली. म्हणून मरोळहून येताना त्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला घेऊन आल्या होत्या, दोन झेरॉक्ससकट. तो टेबलावर पडून होता. श्रुतिकानं त्याला हात लावला नव्हता, कारण टेस्टमध्ये कागदाचं काही काम नव्हतं.

“कॉस्मस जानेवारीत गेला,” आंटी म्हणाल्या. “तरी दर महिन्याला मेसेज येतो. ‘कॉस्मस, तुमच्या गोळ्या निघाल्या.’ मागोमाग डबा हजर. शुगरच्या गोळ्या मी काय पाहुण्यांना वाटू? तुमच्या कस्टमर केअरला फोन केला तर तो पोरगा म्हणतो, कॉस्मसना फोन द्या.”

“त्यासाठीच ॲपमधून ही दरमहा गोळ्यांची योजना बंद करून दाखवायची आहे, आंटी. पुन्हा एकदा बघा ना.” श्रुतिकानं आवाज शिकवल्याबरहुकूम सपाट ठेवला.

आंटींनी फोन उचलला. खातं, योजना, बंद करा. बोट कुठं अडखळलं नाही. मग तो पडदा आला.

‘कॉस्मस, तुम्हाला तुमच्या तब्येतीची काळजी नाही का?’

खाली जाडजूड हिरवं बटण: ‘आहे, चालू ठेवा’. त्याच्याखाली सहज नजरेतून सुटेल अशा फिकट राखाडी अक्षरांत: ‘नाही, मला काळजी नाही’.

आंटी थांबल्या. आणि त्यांनी हिरवं बटण दाबलं. योजना चालूच राहिली.

लॅपटॉपवर हर्षदचा मेसेज उमटला. ‘झकास! चौथ्यांदा परत फिरली. अजिबात मदत करू नकोस.’ श्रुतिकानं वहीत लिहिलं, ‘बंद करायचं बटण सापडत नाही.’ तरी तिला राहवलं नाही.

“आंटी, हिरव्याच्या खाली काही दिसत नाही का?”

“दिसतंय. आंधळी नाय मी. पहिल्या महिन्यातच दिसलं. ‘नाही, मला काळजी नाही.’” त्यांनी ते शाळेतल्या मुलीसारखं स्वच्छ वाचून दाखवलं. “एकोणीस वर्षं त्याची जखम मी धुतली. अंगठा कापला तेव्हा आणि मग अख्खा पाय कापला तेव्हाही. रोज संध्याकाळी. त्याच्या नावावर मी दाबू, काळजी नाही म्हणून? हात जात नाय माझा.”

श्रुतिकाला वहीतली ओळ खोडावी लागली. नवीन काय लिहावं ते मात्र सुचेना.

“कोणी लिहिलं हे?” आंटींनी विचारलं.

‘सांगू नकोस,’ हर्षदचा मेसेज आला.

कंपनी लहान होती, बटणांवरचा मजकूर श्रुतिकाच लिहायची. हे वाक्य आल्यापासून निम्म्याहून अधिक लोक योजना बंद न करता परत फिरत होते. त्यासाठी तिला सगळ्या ऑफिससमोर टाळ्या मिळाल्या होत्या, आणि तिच्या पोर्टफोलिओत पहिल्या पानावर हेच काम होतं.

“तुम्हाला काय वाटतं?” ती सवयीनं बोलून गेली.

“मला वाटतं, ज्याच्या घरात अजून कोणी मेलं नाय, त्यानं.”

श्रुतिकाला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. मग एकदम दोन्हींचा कंटाळा आला.

“मी लिहिलंय, आंटी.”

आंटींनी तिच्याकडे नीट पाहिलं, बाजारात मासा ताजा की शिळा ते बघावं तसं. ओरडल्या नाहीत. फोन तिच्यापुढे सरकवला.

“मग तूच दाब.”

दार उघडून हर्षद आत आला. “श्रुतिका, फोनला हात लावायचा नाही. पूर्ण सेशन बाद होईल. लावलास तर उद्याची मीटिंग विसर.”

“तुम्ही कोण?” आंटींनी विचारलं.

श्रुतिकानं फोन उचलला. खातं, योजना, बंद करा. राखाडी अक्षरांवर तिनं अंगठा टेकवला. योजना बंद झाली.

“वाट लावलीस यार,” हर्षद म्हणाला आणि दार तसंच उघडं टाकून निघून गेला.

आंटींनी फोन घेतला, खात्री करून घेतली. दाखला आणि झेरॉक्स फोल्डरात सरळ लावून ठेवले. आता त्या दोन चांगले शब्द बोलतील, असं श्रुतिकाला वाटलं. तेवढं तरी मिळायला हवं होतं.

“किती सोपं गेलं गो तुला,” आंटी म्हणाल्या, आणि उघड्या दारातून निघून गेल्या.