पाणसळीतला बुडबुडा

कॅनडातल्या आमच्या सस्कॅचेवानात बर्फाला दयामाया नाही. म्हणून ऑक्टोबरातच माझ्या नवऱ्यानं, ओरेस्टनं, गाडीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर, म्हणजे कॅम्पर ट्रेलर, परसात लावला, नळ्यांतलं पाणी काढलं, वरून ताडपत्री घालून दोर करकचून आवळले. ट्रेलर कलला तर बर्फाचा सगळा भार एकाच बाजूवर येतो, म्हणून पुढच्या दांड्यावरच्या, सपाटी दाखवणाऱ्या पाणसळीतला बुडबुडा त्यानं अगदी मधोमध आणला.

पहिल्या बर्फानंतर बुडबुडा उजवीकडे सरकलेला दिसला. बुडबुडा नेहमी उंच बाजूला जातो; म्हणजे वजन डावीकडे पडलं होतं.

"जमीन गोठली की फुगते गं," ओरेस्ट म्हणाला.

"डावीकडे आपला पलंग आहे."

"मग उंदीर झोपला असेल. खाऊनपिऊन सुखी दिसतोय."

मला हसू आलं नाही. भोवतालच्या बर्फात आमच्या दोघांखेरीज कुणाचं पाऊल नव्हतं. वाराही नव्हता.

पाणसळ पुसायला ओरेस्ट वाकला आणि तसाच राहिला. बुडबुडा हलत होता. सावकाश तो मधोमध आला, जरा थबकला, आणि डावीकडे निघाला.

म्हणजे वजन उजवीकडे चाललं होतं. दार उजवीकडेच आहे.

 ओरेस्टनं हातमोजे काढले आणि दारापाशी दोराला आणखी एक गाठ मारली.