हात न उचललेले दिवस

खिळीने रेड्याचं तोंड बाकावर आपटलं, तेव्हा बाईंचा नवरा वर्गातल्या त्यांच्या टेबलाचा खण उघडत होता.

रेडा बाईंच्या खुर्चीत बसला, एवढंच कारण. खिळी सोळा वर्षांची, काडीसारखी. रेडा तिच्या दुप्पट; टोपणनावंच तशी पडलेली. नाकातून रक्त आलं तसा तो उसळला. केसांना धरून त्याने तिला भिंतीवर आदळलं. खुर्ची मोडली. बाकीची पोरं बाकांवर चढून ओरडत होती, "हाण! हाण!"

नवरा वेल्डर होता. इतर शाळांनी हाकललेल्या पोरांच्या या शाळेत तो पहिल्यांदाच आला होता. "मी बाईंचा नवरा," एवढंच तो दारात म्हणाला, तेव्हा पोरं त्याच्याकडे टक लावून बघत राहिली होती. बाईंना जाऊन नऊ दिवस झाले होते. त्यांच्या जागी अजून कुणी आलं नव्हतं. त्याला फक्त तिचा चष्मा हवा होता. वर्गातूनच तिला दवाखान्यात नेलं होतं, चष्मा खणात राहिला होता. याच कार्ट्यांनी तिला खाल्लं, असं तो भेटेल त्याला सांगत होता.

चष्मा सापडला. तो शर्टाने पुसत होता, तेवढ्यात दोघं झोंबत त्याच्या अंगावर आली. चष्मा हातातून उडाला. रेड्याचा बूट त्यावर पडला. काच करकरली.

वेल्डरच्या डोक्यात सणक गेली. मोडक्या खुर्चीचा पाय हाती आला. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानावर. रेडा कोसळला. तिसऱ्यासाठी हात वर गेला.

"बस करा काका," रेडा खालूनच म्हणाला. "गेला तुमचा."

"काय गेला?"

खिळी ओठांवरचं रक्त पुसत फळ्याकडे गेली. फळ्यावर बायकोच्या अक्षरात यादी होती. मथळा होता, 'हात न उचललेले दिवस'. खाली पोरांची टोपणनावं, पुढे आकडे. रेडा छप्पन्न. खिळी एकशे चार. आणि सगळ्यांच्या वर: 'आमचे हे – ४०३१'. आकडे मात्र तिच्या अक्षरात नव्हते.

खिळीने स्वतःचा आकडा पुसून शून्य काढलं. मग रेड्याचा पुसला. मग डस्टर वर गेलं आणि थांबलं.

"अकरा वर्षांपूर्वी तुम्ही बाईंचे दोन दात पाडले होते ना? त्या दिवसापासून मोजत होत्या. म्हणायच्या, आमच्या ह्यांना जमतं, तर तुम्हाला न जमायला काय झालं? त्या गेल्यावर रोज आम्हीच वाढवत होतो."

तिने ४०३१ पुसलं. शून्य काढलं.

वेल्डरने खुर्चीचा पाय खाली टाकला. त्याने गुडघ्यावर बसून काचेचे तुकडे वेचले, मुठीत धरले. बोटांतून रक्त आलं. कुणाकडेही न बघता तो दाराकडे निघाला.

रेडा कान दाबत उठून बसला.

"काका, शून्य झालं म्हणून इथून कुणाला काढत नाहीत," तो म्हणाला. "उद्या आठला या. पहिला 'एक' ज्याचा त्यानेच लिहायचा असतो."